रुग्णालयाचे सांडपाणी आणि जबाबदारीवरचा पडदा

रुग्णालयातून बाहेर पडणारे सांडपाणी निर्धोक झाले की नाही, हे ठरवण्याची भारत सरकारची एक कसोटी मोठी मासलेवाईक आहे. प्रक्रिया केलेल्या पाण्यात मासे सोडावयाचे आणि ९६ तासांनंतर शंभरातले नव्वद जिवंत राहिले, तर पाणी उत्तीर्ण झाले असे समजावयाचे! जैववैद्यकीय कचऱ्याच्या व्यवस्थापनाचे २०१६ चे नियम आणि त्यांतील २०१८ ची दुरुस्ती यांत ही कसोटी नमूद आहे. तिच्या जोडीला पाण्याची आम्लता, तरंगते कण, तेल व चरबी आणि पाण्यातील प्राणवायू शोषून घेणारी घाण यांच्या मर्यादा दिल्या आहेत. प्रतिजैविकांचा मात्र तेथे उल्लेख नाही. कर्करोगावरील विषारी औषधांचा नाही. आणि कोणत्याच औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचा तर नाहीच नाही. चार दिवस मासा जगला म्हणजे माणसाचीही चिंता मिटली, असा हा न्याय आहे.

या न्यायाच्या छायेत आता ‘मेम्ब्रेन’ नावाचा नवा मंत्र घोकला जात आहे. अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून सांडपाणी गाळून घेणारे संयंत्र बसवले की रुग्णालयाच्या घाणीचा प्रश्न कायमचा सुटला, असे विक्रेते सांगतात. आणि संयंत्र बसवल्याचा दाखला मिळाला की आपले कर्तव्य संपले, असे शासन मानते. हे तंत्र खोटे नाही. ते उपयुक्त आहे आणि गोरगरिबांच्या रुग्णालयांना ते मिळालेही पाहिजे. पण यंत्राच्या आड जबाबदारी लपवण्याचा जो प्रकार रूढ होत आहे, त्याला वेळीच विरोध केला नाही तर पाणी गाळले जाईल आणि विष तेवढे खाली उतरेल.

मुळात या पाण्यात असते काय? भारतीय मानकानुसार शंभरहून अधिक खाटांच्या रुग्णालयासाठी दर खाटेमागे दिवसाला ४५० लिटर पाण्याची गरज धरली जाते. घरगुती वापरासाठी दर माणशी १३५ लिटर धरतात. म्हणजे पाचशे खाटांच्या रुग्णालयाला रोज सव्वादोन लाख लिटर पाणी लागते आणि त्यातील बहुतेक सारे शौचालये, शस्त्रक्रियागृहे, प्रसूतिगृहे, प्रयोगशाळा, धुलाईघर आणि स्वयंपाकघर यांतून सांडपाणी होऊन बाहेर पडते. रुग्णाला दिलेले औषध शरीरात पूर्णपणे जिरून जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती तशी नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या प्रतिजैविकाचा निम्म्याच्या आसपास भाग मूळ रूपातच मूत्रावाटे बाहेर येतो. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून जे आयोडीनयुक्त द्रव्य देतात, ते तर एका दिवसात जवळजवळ जसेच्या तसे शरीराबाहेर पडते. रुग्णालयाच्या गटारात अशा रीतीने जंतू, आणि त्या जंतूंना मारण्यास अपुरी पण सरावण्यास पुरेशी औषधे, एकत्र नांदतात. जंतूंना प्रतिकाराचे धडे देणारी याहून चांगली शाळा शोधूनही सापडणार नाही.

ही भीती पुस्तकी नव्हे. २००८ साली स्वीडनमधील एका रुग्णाच्या तपासणीत असा जंतू आढळला की ज्याच्यापुढे शेवटचा आधार म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम गटातील प्रतिजैविकेही निष्प्रभ ठरत होती. हा भारतीय वंशाचा रुग्ण त्यापूर्वी दिल्लीत रुग्णालयात दाखल झालेला होता. त्या जंतूतील प्रतिकाराच्या जनुकाला संशोधकांनी दिल्लीचे नाव जोडले आणि २०१० साली आपल्याकडे एकच गदारोळ उठला. सरकारी प्रवक्त्यांना चिंता पडली ती देशाच्या नावाची आणि परदेशातून येणाऱ्या सधन रुग्णांच्या धंद्याची. २०११ साली दिल्लीच्याच पाण्याची पाहणी प्रसिद्ध झाली. रस्त्यांवर साचलेल्या आणि नाल्यांतून वाहणाऱ्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत, आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोन नमुन्यांत हे जनुक आढळले. जे पाणी दिल्लीची गरीब वस्ती रोज ओलांडते, त्यात कोठून काय मिसळते याचा शोध घेण्याऐवजी नावावरून भांडत बसणे म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी नंतर मांडला. या मृत्यूंना देशाचे नाव लागत नाही. मात्र वर्गाचे नाव लागते. महागडे राखीव प्रतिजैविक विकत घेण्याची ऐपत नसणारा माणूस पहिल्यांदा मरतो.

आता मेम्ब्रेनचा विचार करू. या पद्धतीत प्रथम हवा फुंकलेल्या टाकीत उपयुक्त जीवाणूंना सांडपाण्यातील घाण खाऊ दिली जाते. जुन्या पद्धतीत त्यानंतर गाळ खाली बसण्याची वाट पाहतात. येथे ते पाणी थेट पडद्यातून ओढून घेतात. पडद्याची छिद्रे साधारणतः एका मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही काही शतांशांपासून चार दशांशांपर्यंत असतात. बहुतेक जीवाणू त्याहून मोठे असल्यामुळे ते अलीकडेच अडकतात. विषाणू लहान असले तरी गाळाला आणि पडद्यावर जमलेल्या थराला चिकटून त्यांतील पुष्कळसे मागे राहतात. संयंत्राला जागा थोडी लागते आणि गर्दीच्या शहरातील जुन्या रुग्णालयाच्या आवारात ही सोय लहान नव्हे. २००३ साली सार्सची साथ आली, तेव्हा हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत सांडपाण्याच्या नळांवाटे रोग पसरून तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. त्या धड्यानंतर चीनने २००५ साली रुग्णालयांच्या सांडपाण्यासाठी स्वतंत्र मानक जाहीर केले, आणि तेथील पन्नासाहून अधिक रुग्णालयांत मेम्ब्रेनची संयंत्रे उभी राहिली. दिवसाला वीस हजार लिटरच्या लहानशा संयंत्रापासून वीस लाख लिटरपर्यंत त्यांची क्षमता होती. तेव्हा हे तंत्र आशियातील देशाला झेपणारे नाही, असे कोणी म्हणू नये.

परंतु जंतू अडला म्हणजे औषध अडले असे नव्हे, आणि येथेच खरी मेख आहे. प्रतिजैविकाचा विरघळलेला रेणू पडद्याच्या छिद्रापेक्षा कित्येक पटींनी लहान असतो. मच्छरदाणीतून वारा जावा तसा तो पलीकडे जातो. काही औषधे टाकीतील जीवाणू खाऊन टाकतात. पण डायक्लोफेनॅक, कार्बामाझेपिन, आयोडीनयुक्त द्रव्ये यांच्यापुढे त्यांचे फारसे चालत नाही. घराघरांतील जलशुद्धी यंत्रात असतो तसा याहूनही बारीक पडदा लावला तर बहुतेक औषधे अडतात हे खरे. पण मग अडवलेल्या विषाचा दाट द्राव मागे उरतो आणि तो कोठे ओतावयाचा, हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. साध्या पडद्याने अडवलेले जंतूही नाहीसे होत नाहीत. ते गाळात साचतात आणि तो गाळ टँकरमध्ये भरून कोठेतरी नेला जातो. कोठे, हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

ज्यांनी या प्रश्नाचा प्रामाणिकपणे विचार केला त्यांनी पडद्यावर थांबणे पत्करले नाही. डेन्मार्कमधील हेरलेव्ह रुग्णालयात २०१४ साली सुरू झालेल्या संयंत्रात मेम्ब्रेननंतर ओझोन, सक्रिय कोळसा आणि अतिनील किरणे अशा पुढील पायऱ्या ठेवल्या गेल्या. जर्मनीतील गेल्सेनकिर्शेन येथील रुग्णालयातही मेम्ब्रेनला ओझोन आणि कोळशाची जोड देऊन प्रयोग झाले. आपल्याकडे मात्र पहिली पायरी चढून जिना संपल्याची घोषणा केली जाते. आणि का केली जाऊ नये? नियमांत औषधाची मर्यादाच नसेल तर औषध मोजणार कोण? आणि जे मोजले जात नाही, ते काढण्यासाठी खर्च कोण करील?

खर्चाचा विषय निघाला की शासनाची नाडी चटकन सापडते. मेम्ब्रेनच्या संयंत्राला जुन्या पद्धतीच्या दीडपट ते दुप्पट वीज लागते. पडद्यावर सतत हवा फुंकावी लागते. त्यावर थर साचतो म्हणून तो हायपोक्लोराइटने आणि आम्लाने वेळोवेळी धुवावा लागतो, आणि काही वर्षांनी पडदाच बदलावा लागतो. वॉर्डातून जंतुनाशक बेहिशेबी ओतले गेले तर टाकीतील उपयुक्त जीवाणूही मरतात. म्हणून परिचारिकेपासून सफाई कामगारापर्यंत सर्वांना या संयंत्राची माहिती असावी लागते. ही वस्तू विकत घेऊन विसरण्याची नव्हे. ती रोज सांभाळण्याची आहे. पण संयंत्राचे उद्घाटन होते, पडदा बदलण्याचे होत नाही. फीत कापण्यासाठी मंत्री मिळतो. ब्लोअरचे वीजबिल भरण्यासाठी अंदाजपत्रकात ओळ मिळत नाही. निविदा काढताना सर्वांत कमी किंमत पाहायची, संयंत्र कंत्राटदाराच्या स्वाधीन करायचे, आणि त्याने कमीत कमी पगारावर नेमलेल्या अप्रशिक्षित पोराच्या हाती कळा द्यायच्या, ही आपल्या सार्वजनिक संस्थांची परिचित रीत आहे. सधन रुग्णांची पंचतारांकित रुग्णालये याच तंत्राने शुद्ध केलेले पाणी बागेला आणि वातानुकूलनाला वापरून खर्चाची बचत करतात आणि पर्यावरणप्रेमाची जाहिरातही करतात. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला मात्र नियमाचा बडगा तेवढा मिळतो. दहापेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांनीसुद्धा ३१ डिसेंबर २०१९ पर्यंत प्रक्रिया संयंत्र उभारावे, असा हुकूम निघाला. त्यासाठी पैसा, माणूस आणि वीज कोठून यावी, याविषयी हुकूम मूक आहे.

या सर्व चर्चेत ज्याचे नाव कधीच घेतले जात नाही, तो आहे टाकीत उतरणारा माणूस. पडद्याच्या पोकळ तंतूंच्या जुड्यांत केस, कापसाचे धागे आणि पट्ट्यांचे पिंजण गुंतते. त्या जुड्या वर काढून हाताने साफ कराव्या लागतात. टाकीच्या तळाशी गाळ बसतो, त्यातून विषारी वायू निघतो. विक्रेत्याच्या रंगीत पुस्तिकेत हे काम आपोआप होते. प्रत्यक्षात ते कोणत्या जातीच्या आणि कोणत्या कंत्राटावरच्या माणसाकडून करून घेतले जाते, हे महाराष्ट्रात कोणाला सांगावयास नको. हाताने मैला साफ करण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. संरक्षक साधनांवाचून गटारात वा टाकीत माणूस उतरवणे त्याने गुन्हा ठरवले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी दहा लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो याचा अर्थ मरण थांबलेले नाही, इतकाच होतो. पाण्यातील जंतू मोजण्यासाठी कोट्यवधींचे यंत्र आणणाऱ्या समाजाला टाकीत उतरणाऱ्या माणसासाठी मुखवटा, दोर आणि कायम नोकरी परवडत नसेल, तर त्या यंत्राला प्रगती म्हणता येणार नाही.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला असा की, जेथे रुग्णांना पुरेशा खाटा नाहीत तेथे सांडपाण्यावर इतका खर्च म्हणजे नाकापेक्षा मोती जड. हा आक्षेप गरिबांच्या कळवळ्याने घेतल्यासारखा दिसतो. पण त्याचे ओझे अखेर गरिबांवरच पडते. नाल्याकाठची झोपडी, नदीच्या पाण्यावर भाजी पिकवणारा शेतकरी, खाडीत जाळे टाकणारा कोळी यांच्याकडे हे पाणी वाहत जाते. ते आक्षेप घेणाऱ्याच्या दिवाणखान्यात शिरत नाही. शिवाय प्रतिजैविक निकामी झाले तर आज वाचवलेल्या पैशाच्या कित्येक पट रक्कम उद्या अतिदक्षता विभागात मोजावी लागेल. त्या वेळी खाटांची टंचाई कमी न होता वाढेल.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. शहराच्या सांडपाण्यात येणाऱ्या औषधांपैकी बहुतेक घराघरांतून येतात. रुग्णालयाचा वाटा त्या मानाने लहान असतो. मग त्यालाच का वेठीस धरावे? यातील पहिली दोन विधाने पुष्कळ अंशी खरी आहेत. पण राखीव प्रतिजैविके आणि त्यांना पुरून उरलेले जंतू जेथे सर्वांत दाट प्रमाणात एकत्र येतात, ते ठिकाण रुग्णालयच होय. विष दाट असते तेथे ते अडवणे सोपे आणि स्वस्त असते. नदीत पसरल्यावर नव्हे. आणि घराघरांतून येणाऱ्या औषधांविषयी बोलावयाचे तर सार्वजनिक मलनिस्सारणाविषयी बोलावे लागेल. तेथे तर शासनाची स्थिती अधिकच लाजिरवाणी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच २०२१ सालच्या अहवालानुसार देशाच्या शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी निघत होते आणि त्यांपैकी प्रक्रिया होत होती अवघ्या २०,२३६ दशलक्ष लिटरवर. मुंबईसारख्या श्रीमंत महानगरात वरळी आणि वांद्रे येथील मैलापाणी जाळ्यांतून गाळून, वाळू वेगळी करून किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन किलोमीटरवर समुद्रात सोडून देण्याची रीत वर्षानुवर्षे चालली. सात ठिकाणी अद्ययावत प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी व्हावयास २०२३ चा जानेवारी उजाडला.

नियमांतील पळवाट नेमकी येथे आहे. शेवटी प्रक्रिया केंद्र असलेल्या सार्वजनिक गटाराला रुग्णालय जोडलेले असेल, तर त्याला कडक मर्यादा लागू होत नाहीत. प्राणवायू शोषणाऱ्या घाणीची मर्यादा एरवी लिटरला ३० मिलिग्रॅम असते. अशा गटारासाठी ती ३५० पर्यंत चालते. बाकीचे काम पुढचे केंद्र करील, असे गृहीत धरलेले आहे. हे पुढचे केंद्र औषधे काढण्यासाठी बांधलेलेच नसते. रुग्णालय गटाराकडे बोट दाखवते, नगरपालिका राज्य सरकारकडे, राज्य सरकार केंद्राकडे; आणि पाणी मात्र कोणाकडेही बोट न दाखवता नदीकडे जाते.

या साखळीच्या टोकाशी ज्यांनी औषध विकून नफा कमावला, ते कारखानदार उभे आहेत. आणि त्यांच्याबाबत शासनाचा हात कसा थरथरतो याचा पुरावा ताजा आहे. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अंतिम नियम निघाले, तेव्हा त्या मर्यादा गळून पडल्या होत्या. पडदे केवळ पाणीच गाळतात असे नव्हे, मंत्रालयांतही गाळण्या असतात. त्यांतून जनतेचे हित अडते आणि कारखानदारांचे हित सुखरूप पलीकडे जाते. याउलट युरोपीय संघाने, ज्याला कोणी समाजवादी म्हणणार नाही, २०२४ साली शहरी सांडपाण्याविषयी नवा कायदा संमत केला. मोठ्या केंद्रांत औषधांचे अंश काढण्यासाठी जो जादा खर्च येईल, त्यातील किमान ८० टक्के भार औषधे आणि सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या उत्पादकांनी उचलावा, असे त्यात म्हटले आहे. औषध कंपन्यांनी त्याविरुद्ध २०२५ साली न्यायालयात धाव घेतली, यावरून बाण योग्य ठिकाणी लागला हे स्पष्ट होते.

तेव्हा मागणी केवळ यंत्राची असून चालणार नाही. रुग्णालयांच्या सांडपाण्यात प्रतिजैविकांच्या अंशांची आणि प्रतिरोधी जंतूंची मोजणी सक्तीची झाली पाहिजे आणि तिचे आकडे रुग्णालयाच्या दारावर, मराठीत, लोकांना दिसतील असे लागले पाहिजेत. मोठ्या रुग्णालयांत मेम्ब्रेनच्या पुढे ओझोन वा सक्रिय कोळशाची पायरी असली पाहिजे. लहान दवाखान्यांवर एकेकट्याने संयंत्र लादण्याऐवजी अनेकांसाठी मिळून नगरपालिकेने केंद्र चालवले पाहिजे. बांधकामाइतकीच देखभालीची तरतूद दरवर्षी अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे दाखवली गेली पाहिजे. संयंत्र चालवणारे आणि साफ करणारे कामगार प्रशिक्षित, कायम आणि पुऱ्या वेतनाचे असले पाहिजेत, आणि टाकीत माणूस उतरवण्याची गरजच राहू नये अशी तिची रचना हवी. आणि या सर्वांचा खर्च रुग्णाच्या बिलातून नव्हे, तर औषधांच्या नफ्यावरील करातून आला पाहिजे.

यातील एकही मागणी अशक्य नाही. ज्या देशाने पोलिओ हटवला, स्वस्त औषधांनी जगातील गरीब रुग्णांना आधार दिला, त्या देशाच्या अभियंत्यांना आणि कामगारांना एक टाकी, एक पडदा आणि कोळशाचा एक स्तंभ नीट चालवता येणार नाही, असे मानणे हा त्यांचा अपमान आहे. अडचण कौशल्याची नाही. पाणी कोणाच्या दाराशी वाहते आणि नियम कोणाच्या दिवाणखान्यात ठरतात, यांतील अंतराची आहे. मेम्ब्रेन जंतू अडवील. पळवाट अडवण्याचे काम मात्र त्या नाल्याकाठी राहणाऱ्यांना आणि टाकी साफ करणाऱ्यांना संघटित होऊन स्वतःच करावे लागेल.